कढीपत्ता कुंडीत लावू नका

ताई, नमस्कार.

माझे मिस्टर रेल्वेत लोको पायलट होते. मागच्या ३१ जुलैला रिटायर झाले. लग्न होऊन आले तेव्हापासून ३१ वर्षं मी नागपुरात अजनीच्या रेल्वे कॉलनीतच काढली. रिटायरमेंटनंतर मिळतात ते चार महिने संपले आणि नोव्हेंबरअखेर आम्ही बेसाला स्वतःच्या फ्लॅटमध्ये आलो. टू बीएचके आहे, चौथा मजला, लिफ्ट आहे, लोन फिटलंय. कशाची म्हणून कमी नाही. तरी मला हे घर वाटत नाही. ‘घरी जाते’ म्हणते आणि डोळ्यांपुढे क्वार्टर येतं. मागच्या महिन्यात बर्डीच्या बाजारातून ऑटोत बसले आणि ऑटोवाल्याला अजनी सांगितलं. लक्षात आलं तरी बदललं नाही, तशीच गेले. आमच्या दारापुढच्या ओट्यावर दुसऱ्याचे कपडे वाळत होते. नवीन आलेली मुलगी चांगली आहे. बसवलं, पाणी दिलं. निघताना मीच लावलेल्या झाडाचा कढीपत्ता तोडून माझ्या हातात दिला. परत येताना रस्ताभर रडले.

मिस्टर म्हणतात, ‘आता तर सोताचं घर झालं, मग काहून रडून राहिली?’ मुलगी पुण्याहून सांगते, पडदे बदल, सोफा नवीन घे. माझ्या मनात येतं, हा फ्लॅट भाड्यानं द्यावा आणि अजनीजवळ एखादं घर भाड्यानं घेऊन राहावं. हे बोलले तर मिस्टर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. माझंच चुकतंय का?

– एक वाचक, बेसा

ताई,

तुमचं काही चुकत नाही. हे आधी सांगते, कारण चार पानांच्या पत्रात तुम्ही हा प्रश्न पाच वेळा विचारलाय.

वर छापलाय तो त्या पत्राचा एक तुकडा. पत्र मी तीनदा वाचलं. तिसऱ्या खेपेला हातात पेन्सिल घेतली आणि क्वार्टरबद्दल जिथे जिथे लिहिलंय तिथे खूण करत गेले. घराच्या आतलं तुम्ही फार थोडं लिहिलंय. गॅसमागची भिंत कितीही घासली तरी काळीच राहायची, आणि पावसाळ्यात मागच्या खोलीत बादली ठेवावी लागायची, एवढंच. बाकी सगळं दाराबाहेरचं आहे. ओट्यावर बसून तांदूळ निवडणं. समोरच्या तेलुगू काकूंनी शिकवलेला चिंचेचा भात. बिलासपूरकडच्या वहिनी बी.एड.च्या परीक्षेला जाताना लेकराला तुमच्या मांडीवर टाकून जायच्या, ते. रात्री दोन वाजता ड्युटीचा निरोप आणणाऱ्या कॉल बॉयची सायकल गल्लीत शिरायच्या आधी कुत्री भुंकायची आणि तुम्ही उठून बसायच्या, ते. आणि कढीपत्त्याचं झाड, ज्याला आजूबाजूच्या दहा घरांचे हात लागायचे.

मुलगी पडद्यांचं बोलते, मिस्टर मालकीचं बोलतात. दोघं तुम्हाला घराच्या आतलं दाखवून राहिलेत, आणि तुमचं हरवलंय ते बाहेरचं. म्हणून त्यांचं समजावणं तुमच्यापर्यंत पोचत नाही. ते दोघं प्रेमानंच बोलतात, याबद्दल मला शंका नाही.

सरकारी क्वार्टरमध्ये संसार केलेल्या बायकांचं एक असतं. हे सोडायचं आहे, हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत असतं. त्यामुळे भिंतींत जीव गुंतवायचा नाही, असं त्या न ठरवताच ठरवतात. मग तो जीव जातो कुठे? माणसांत जातो, झाडांत जातो, नळाच्या वेळेत जातो. तुमचा तिथे गेला. फ्लॅटची किल्ली मिळाली म्हणून तो उचलून इकडे आणता येत नाही. त्याला वेळ लागेल, आणि नुसता वेळ पुरणार नाही, हातानं काहीतरी करावंही लागेल. त्याबद्दल पुढे लिहिते. आधी माझ्या आजीचं सांगते.

माझे आजोबा, आईचे वडील, नागपूरच्या सेक्रेटरिएटमध्ये कारकून होते. नागपूर तेव्हा राजधानी होतं, १८६१ पासून मध्य प्रांताची आणि नंतर मध्य प्रदेशाची. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला, नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळ झाली. फायलींसोबत माणसंही गेली. इथली कितीतरी मराठी कुटुंबं तेव्हा भोपाळला हलली, त्यात आजोबाही होते. आजी नागपूरच्या महाल भागातल्या भरल्या वाड्यातून उठली आणि भोपाळच्या टी. टी. नगरातल्या सरकारी क्वार्टरमध्ये जाऊन पडली. ओळखीचं कुणी नाही, बाजारात भाव विचारायचा तर हिंदी, आणि सांबाराची जुडी मागितली तर दुकानदार तोंडाकडे बघायचा, कारण आपण ज्याला सांबार म्हणतो ते तिकडे हरा धनिया. तांब्यापितळेची भांडी तिनं दोन वर्षं पोत्यातून काढलीच नाहीत. ‘परत तर जायचंच आहे’ म्हणायची.

दुसऱ्या हिवाळ्यात तिच्या भावानं काटोलहून संत्र्याची पेटी पाठवली. घरात माणसं तीन, पेटीत संत्री शेकड्यानं. खालची डागाळायला लागली. फेकायची कशी, म्हणून आजी पदरात घेऊन ओळीतल्या घराघरांत देऊन आली. तोवर तिनं त्या बायकांशी धड चार वाक्यं बोललेली नव्हती. पुढच्या वर्षी दिवाळी झाल्यावर नळावर एका बाईनं तिला विचारलं, ‘भाभी, संतरे कब आएँगे?’ आजी सांगायची, त्या दिवशी घरी येऊन मी पोती उसवली. भांडी काढली, चिंचेनं घासली आणि फळीवर मांडली.

१९७६ ला आजोबा निवृत्त झाले आणि ती दोघं नागपूरला परत आली. मी तेव्हा शाळेत होते, मला ते चांगलं आठवतं. ज्या महालासाठी ती वीस वर्षं झुरली, त्याच महालात, त्याच वाड्याच्या ओसरीवर बसून आजी भोपाळच्या आठवणीनं डोळे पुसायची. तिथल्या शेजारणीची सून बाळंत झाली असेल का, तलावावरून आता गार वारा सुटला असेल. आजोबा वैतागायचे. तिला काय हवंय ते त्यांना कळत नव्हतं, आणि मलाही ते फार उशिरा कळलं. संत्री कधी येतात म्हणून विचारणारं महालात कुणी उरलं नव्हतं. इथे सगळ्यांकडेच संत्री होती.

तुमच्या भाड्यानं राहण्याच्या विचाराकडे मी या आठवणीतून बघते. तुम्हीच लिहिलंय की तेलुगू काकू विजयवाड्याला मुलाकडे गेल्या, बिलासपूरच्या वहिनींच्या मिस्टरांची बदली झाली, आणि कोपऱ्यावरच्या दोन घरांत आता कोण राहतं ते तुम्हाला ठाऊक नाही. अजनीजवळ घर घेतलंत तर रस्ते तेच मिळतील, कडुनिंबाची सावली तीच मिळेल. त्याचीही किंमत आहे, मी नाही म्हणत नाही. २०२१ च्या सुमारास अजनीतली झाडं तोडू नका म्हणून नागपूरची माणसं रस्त्यावर उतरली होती, त्यांतल्या कितीतरी जणांचं त्या कॉलनीत कधी घर नव्हतं. जागेशी असं नातं असतं माणसाचं. पण तुम्ही जिथे परत जायचं म्हणता ती गल्ली आता अजनीतही नाही, ताई. हे लिहिताना मलाच जड जातंय, पण न लिहिणं बरोबर होणार नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की या दिवाळीपर्यंत हा निर्णय बाजूला ठेवा. बेसाला येऊन तुम्हाला चार महिने झालेत, तेही हिवाळ्याचे. नवीन घरात एक उन्हाळा निघाला नाही, एक पावसाळा झाला नाही, तोवर ते घर कसं आहे हेच कळत नाही. कुठल्या खिडकीतून चारचं ऊन येतं, पहिल्या पावसात कुठून ओल धरते, पोळ्याला आजूबाजूला काय चालतं, हे सगळं एकदा डोळ्यांखालून जाऊ द्या. दिवाळी झाल्यावरही मन असंच म्हणालं तर खुशाल भाड्याचं घर बघा, आणि तेव्हा स्वतःला अपराधी समजू नका. मालकीच्या घरातच राहिलं पाहिजे अशी काही शपथ आपण घेतलेली नसते.

आता मिस्टरांचं. ते दोन दिवस गप्प राहिले, त्याचा तुम्हाला राग आलेला दिसतो. जरा त्यांच्या जागेवरून बघा. तुम्ही ३१ वर्षं अजनीत राहिलात, ते मात्र तिथे येऊन-जाऊन होते. एक रात्र इटारसीच्या रनिंग रूममध्ये (गाडीवरच्या माणसांच्या मुक्कामाच्या खोलीत), एक भुसावळला, एक बल्लारशाला, आणि घरी यायचे ते झोपायला. तुम्ही पोरांना ‘हळू बोला, बाबा झोपलेत’ म्हणत दिवस काढले, हे तुम्हीच लिहिलंय. तुमच्या ओट्यावर ते कितीदा बसले असतील? आयुष्यात पहिल्यांदा ते स्वतःच्या घरात सकाळचा चहा सलग पंधरा दिवस पिऊन राहिलेत, म्हणून त्यांना हा फ्लॅट आवडतो. शिवाय तो त्यांनी रात्री जागून, माइलेजचा, म्हणजे चालवलेल्या किलोमीटरवर मिळणारा, पैसा जोडून घेतलाय. तुम्ही ‘भाड्यानं देऊ’ म्हणालात तेव्हा त्यांना ऐकू आलं की त्या सगळ्या रात्री फुकट गेल्या. तुम्हाला तसं म्हणायचं नव्हतं हे मला कळतं, त्यांना कसं कळावं? त्यांना फ्लॅटबद्दल काही बोलूच नका. ‘मला ओटा पाहिजे’ एवढंच सांगा. हे त्यांना समजेल, आणि कदाचित ते कामालाही लागतील.

पहाटे तीनला जाग येते आणि उगाच स्वयंपाकघरात जाऊन दिवा लावून उभी राहते, असं तुम्ही लिहिलंय. त्याची भीती बाळगू नका. ड्युटीच्या दोनेक तास आधी कॉल यायचा, कॉल बुकवर सही व्हायची, पुढे फोनवर कॉल येऊ लागला, पण उठून डबा भरायचं काम तुमचंच राहिलं. पोळ्या, भाजी, सोबत लोणच्याची फोड. ती सवय एका तारखेला रिटायर होत नाही. तुमचं शरीर अजून कॉलची वाट बघतंय. दिवा लावलात तर लावा, पाणी प्या, परत पडा.

मात्र एक गोष्ट वेगळी काढून सांगते. रोजची झोप उडाली, जेवण जाईनासं झालं, कशातच मन लागेना, जगून काय करायचं असं वाटू लागलं, आणि हे दोन आठवड्यांहून जास्त टिकलं, तर ती घराची आठवण राहत नाही, त्याला उपचार लागतो. तसं असेल तर डॉक्टरांना दाखवा. सरकारची टेलिमानस ही फोनसेवा आहे, नंबर १४४१६. दिवसरात्र चालते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. तुमच्या पत्रावरून मला तसं वाटत नाही, कारण चार पानं लिहिणाऱ्या बाईला अजून खूप काही हवंय. पण नंबर फ्रिजवर लावून ठेवा.

आता उन्हाळा लागलाय, तर कूलरचं बोलू.

तुम्ही लिहिलंय की मुलानं दोन्ही खोल्यांत एसी बसवून दिला आणि क्वार्टरमधला जुना कूलर बाल्कनीत चादर घालून ठेवलाय, भंगारवाल्याला द्यायचा म्हणून. देऊ नका. एसीवर माझा राग नाही. २३ मे २०१३ ला या शहरात पारा ४७.९ वर गेला होता, तो दिवस मी इथेच काढलाय. वय झालेल्या माणसानं नवतपाच्या, मे अखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांच्या, दुपारी एसी लावून पडावं हेच शहाणपणाचं. पण दोन्ही यंत्रांचा स्वभाव बघा. एसीला दार बंद लागतं, खिडकी बंद लागते, फटीला कापड लागतं. कूलरचं उलटं. तो बाहेरची कोरडी हवा ओल्या गवतातून ओढतो आणि आत सोडतो. आत आलेल्या हवेला बाहेर जायला वाट ठेवली नाही तर घर दमट होतं, अंगाला चिकचिक सुटते. कूलर चालवायचा तर समोरचं दार उघडं टाकावंच लागतं. अजनीत तुमचं दार उन्हाळाभर उघडं असायचं, त्याला हेही एक कारण होतं.

तर मिस्टरांना सांगा, कूलर काढा. टाकीच्या तळाशी बोअरच्या पाण्याचा पांढरा थर बसला असेल, तो खरवडायचा. पंप तपासायचा, पात्याला तेल द्यायचं, ताट्यांतलं जुनं काळं पडलेलं गवत काढून नवीन भरायचं. नव्या गवतावर पहिलं पाणी पडलं की जो वास सुटतो तो तुम्हाला मी काय सांगावा. हॉलच्या बाल्कनीच्या दारात स्टँडवर ठेवा. मुख्य दार उघडं आणि बाहेरचं जाळीचं दार लावलेलं. टाकीचं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण काढून टाकी कोरडी करा, नाहीतर डेंग्यूच्या डासांची सोय होते. संध्याकाळी पाच ते आठ एवढा वेळ तरी हे करा. लिफ्टकडे जाणारी-येणारी माणसं जाळीतून दिसतील, आणि त्यांना तुम्ही दिसाल. तांदूळ तिथेच, दाराशी खुर्ची टाकून निवडा. चार महिन्यांत समोरच्या दारावरची पाटी सोडून तुम्हाला शेजाऱ्यांबद्दल काही कळलं नाही, असं तुम्ही लिहिलंय. त्यांनाही तुमच्याबद्दल काय कळलं असेल? त्यांनी बंद दारच बघितलंय.

बेसाचं एक लक्षात घ्या. काही वर्षांपूर्वीपर्यंत तिथे शेतं होती. तुमच्या फ्लॅट स्कीममध्ये कुणीच जुनं नाही. कुणी महालातून आलंय, कुणी यवतमाळहून, कुणी चंद्रपूरहून. कुणाची कामं मिहानमधल्या कंपन्यांत, कुणाची म्हातारी आई गावाहून येऊन दिवसभर टीव्हीसमोर बसलेली. तुम्ही गेलात तेव्हा अजनीची कॉलनी आधीच चालू होती. तिथे तुम्हाला कुणीतरी ओट्यावर बोलावून घेतलं, म्हणून तुम्ही त्या गल्लीच्या झालात. बेसाला ते बोलावणारं माणूस अजून कुणी झालेलं नाही. मला वाटतं ते काम तुमच्याकडे येतंय. ३१ वर्षं तुम्ही ते शिकलात, मिस्टर जसे इंजिन शिकले तसं.

पुढे तान्हा पोळा येईल. स्कीममधली पोरं लाकडी नंदी सजवून दारोदार येतात की नाही ते मला माहीत नाही. येत नसतील तर आठ दिवस आधी लिफ्टजवळ चिठ्ठी लावा, की चौथ्या मजल्यावर नंदी घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला बोजारा मिळेल. सुट्टे पैसे आणि चिवड्याच्या पुड्या तयार ठेवा. पोरं आली की आया मागून येतात.

मुलगी म्हणते तो सोफा घेऊ नका. निदान या वर्षी नको. तुमच्या हातून जे घडलंय ते घरात राहू द्या, जुनी आलमारी, खाट, ओट्यावरची ती हलणारी खुर्ची.

शेवटचं, कढीपत्त्याचं. पत्रातला तेवढा भाग मला पुन्हा पुन्हा आठवतो, आणि त्यातही कंसात लिहिलेलं एक वाक्य. क्वार्टरमध्ये आलेली ती बैतूलकडची मुलगी तुम्हाला म्हणाली, ‘आंटी, ये ड्यूटी पे जाते हैं तो रात को नींद नहीं आती.’ तिचा नवरा असिस्टंट लोको पायलट आहे, लग्नाला वर्ष झालंय, आणि तुम्ही ज्या स्वयंपाकघरात उभ्या राहायच्या त्याच स्वयंपाकघरात ती पहाटे तीनला उभी असते. तुम्ही हे कंसात लिहिलंत, कारण तुमचं सगळं लक्ष तुमच्या झाडाकडे होतं. दुःखात असं होतं, त्यात वाईट काही नाही. पण आता कंसाबाहेर काढा.

मृग लागला आणि जमीन भिजली की तिच्याकडे जा. कढीपत्त्याच्या मुळांवरून बाजूला पिल्लं फुटतात, वीतभर उंचीचं एखादं बघा आणि मातीच्या गोळ्यासकट खणून घ्या. फांदी तोडून लावाल तर सहसा धरणार नाही. घरी आणून कुंडीत लावू नका. कुंडीतलं झाड एकट्या तुमचं होईल, आणि तुमचं झाड कधीच तुमच्या एकट्याचं नव्हतं. सेक्रेटरींना विचारा, आवारात जिथे सिमेंटचे गट्टू बसवलेले नाहीत अशी कंपाउंडच्या भिंतीजवळची ऊन येणारी जागा बघा आणि तिथे जमिनीत लावा. पहिलं वर्ष जपावं लागेल, आणि तेवढ्यासाठी तुम्हाला रोज खाली उतरावं लागेल. मग फोडणीच्या वेळी लोक चार पानं तोडतील. तोडू द्या.

पण जूनपर्यंत थांबायचं कशाला? कैऱ्या बाजारात आल्यात. या रविवारी तक्कू करा, थोडा जास्तीचा, त्या मुलीला डब्यात न्यायला. जयप्रकाश नगरहून मेट्रो पकडली तर अजनी चौक दोनच स्टेशनं आहे, ऑटोवाल्याला काही सांगायची गरज नाही. या वेळी झाडाकडे बघायला जाऊ नका, तिच्याकडे जा. रात्री कुत्री कधी भुंकतात, पावसाळ्यात बादली कुठे ठेवायची, गॅसमागची ती भिंत कशानंच पांढरी होत नाही, हे तिला सांगणारं त्या गल्लीत आता दुसरं कुणी नाही. फोन नंबर द्या, आणि पहाटे तीनला केला तरी चालेल असं सांगून या. तुम्ही जाग्याच असता.

डबा रिकामा परत द्यायचा नसतो, हे तिलाही तिच्या आईनं शिकवलं असेल. तो द्यायला तिला बेसाला यावं लागेल. म्हणून प्लास्टिकचा देऊ नका, ताई. स्टीलचा द्या, झाकण घट्ट बसणारा, लग्नातला, तुमचं नाव घातलेला.